मागे माल नको

आधीच सांगते. श्रीलंकेत कुठे राहावं, काय बघावं, काय विकत घ्यावं, हे इथे मिळणार नाही. मला पत्रकं लिहिता येतात, प्रवासवर्णन नाही. पत्रकात एक मागणी असते आणि ती मान्य होईपर्यंत हटायचं नसतं. या प्रवासातही एकच मागणी होती. ती माझी नव्हती, आईची होती.

गिरीज

माझी आई टेम्पो चालवते. बावीस वर्षं. वसईजवळच्या आमच्या वाडीतली केळी, केळीची पानं, अळू, मुळा, लिलीची फुलं, शेजारच्या चार वाड्यांचा माल, सगळं पहाटे भरायचं आणि उजाडायच्या आत दादरला उतरवायचं. उशीर झाला तर फुलाला कोणी विचारत नाही. बाबा वाडीत राबतात, पण गाडीला हात लावत नाहीत. त्यांना विरारसुद्धा परदेश वाटतो. आई पहिल्यांदा स्टिअरिंगवर बसली तेव्हा गावातल्या शहाण्यांनी बाबांना समजावलं होतं. बाबा म्हणाले होते, "ती चालवते, माल पोचतो. तुमच्यापैकी कोण पोचवणार असेल तर उद्या चारला या." कोणी आलं नाही. समजावायला माणसं मिळतात, चार वाजता मिळत नाहीत. हे मी पुढे गावाला बस मागणाऱ्या आमच्या समितीच्या कामातही पाहिलं.

यंदा आईचा डावा गुडघा गेला. ऑपरेशन ठरलं. डॉक्टर म्हणाले, "नंतर चालाल, जिने चढाल, पण क्लच दाबायचं काम विसरा." आई घरी आली, हातपाय धुतले, चहा टाकला आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "बाय, मला एकदा रिकामी गाडी चालवायची होती."

"रिकामी म्हणजे?"

"मागे माल नको. पुढे वेळ नको. कोणी माझी वाट बघत बसलेलं नको. बस, चालवायची."

"मग चल ना, उद्याच जाऊ. डहाणूपर्यंत."

"डहाणूपर्यंत मला सगळे ओळखतात. पालघर आलं की कोणीतरी हात करणार, 'वहिनी, एवढी दोन पोती घ्या.' आणि मी घेणार."

हे खरं होतं. आईला नाही म्हणता येत नाही. मला फक्त नाहीच म्हणता येतं. तिची सगळी थकबाकी माझ्यात आली आहे. तेव्हा मी ठरवलं, जिथे आईला कोणी ओळखत नाही अशा ठिकाणी न्यायचं. गाड्या डाव्या बाजूने चालतात, नारळ-केळी दिसली की तिला घाबरल्यासारखं होणार नाही, आणि जवळ आहे: श्रीलंका.

शेजारचे दत्तूकाका कुंपणावरून म्हणाले, "लंकेला? मग पूल बांधायला वानरं लागतील. ती तुझ्या समितीत आहेतच म्हणा."

"आहेत ना काका. तुम्ही दगड उचलायला या."

बाबा म्हणाले, "लंकेत जाऊन काय बघणार? केळीच ना?"

लोकांचा एकच प्रश्न: "दोघी बायकाच?" मी उत्तर द्यायचं सोडून दिलं. बावीस वर्षं ही बाई अंधारात घोडबंदरचा घाट एकटी चढली तेव्हा कोणी विचारलं नाही, कारण तेव्हा मागे त्यांचा माल होता.

आता माझी कबुली. मला गाडी चालवता येत नाही. तत्त्व म्हणून शिकले नाही. 'प्रत्येकाला गाडी नको, सगळ्यांना बस हवी' हे आमच्या समितीचं पत्रक मीच लिहिलंय. आमच्या नाक्यावर थांब्याला छप्पर आहे, बाक आहे, बस तेवढी नाही. तेव्हा चालवणार आई. मी करणार नियोजन. आणि नियोजन मी मोर्चासारखं केलं. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर सात दिवसांचा तक्ता काढला. निघणं सात पंधरा. चहा नऊ. धबधबा दहा वीस ते अकरा. विश्रांती (सक्तीची) दोन ते तीन. आईने तक्ता उलटसुलट पाहिला आणि म्हणाली, "यात निवांत कधी आहे?"

"हे काय, दोन ते तीन."

तिने तक्ता घडी करून परत दिला. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

(एक खुलासा: आई आमच्या वाडीतल्या बोलीत बोलते. तिचं बोलणं मी इथे सगळ्यांना कळेल असं करून लिहिलंय. तिने वाचलं तर म्हणेल, "ही कोण शाळेतली बाई बोलते?")

निगोंबो

विमानतळाजवळचं हे गाव पाहून आई म्हणाली, "आपण परत वसईलाच उतरलो काय?" समुद्र, होड्या, वाळूवर पसरलेली सुकी मासळी, तोच वास. नाक्यानाक्यावर काचेच्या पेटीतले संत. आमच्याकडे पापडी गावात चर्चसमोरून जाताना आई स्टिअरिंगवरचा एक हात कपाळाला लावते, तसाच तिने इथेही लावला. देव कोणाचा हे ती विचारत नाही. रस्ता त्याच्या दारावरून जातो, एवढं पुरे.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी भाड्याने देणाऱ्या दुकानात गेलो. तिथला माणूस फार सभ्य होता. त्याने परवाना पाहिला, सोबतचे कागद पाहिले, आमच्या दोघींच्या मागे पाहिलं आणि इंग्रजीत विचारलं, "सर मागून येतायत का?"

माझं तोंड उघडलंच होतं. तीन मुद्दे तयार होते. आईने माझा दंड दाबला. "काय म्हणतो?"

"विचारतो, पुरुष कुठाय?"

आई हसली. चावी घेतली. दुकानाशेजारी गल्ली होती, जेमतेम गाडीभर रुंद, एका बाजूला गटार, दुसऱ्या बाजूला मासळीच्या टोपल्या. आईने ती छोटी पांढरी गाडी त्या गल्लीत उलटी घातली, टोकापर्यंत नेली आणि एकाही टोपलीला न हलवता परत आणली. मासळीवाल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्या माणसाने मला विचारलं, "मॅडम लॉरी चालवतात?"

"टेम्पो," आई म्हणाली. तेवढा शब्द तिला कळला होता.

त्याने बिनगिअरची गाडीही दाखवली, गुडघ्याला बरी म्हणून. आई म्हणाली, "नको. तो पाळणा झाला. मला गाडी चालवायचीय, झोपायचं नाहीये." गुडघ्याला पट्टा बांधला आणि निघालो. सात सव्वीस. तक्त्यापेक्षा अकरा मिनिटं उशीर. मी तसं म्हणाले. आईने वेग वाढवला.

रत्नपुरा

डोंगर सुरू झाले. रबराची झाडं, प्रत्येकाच्या बुंध्याला करवंटी बांधलेली. आई गाडी सुरेख चालवत होती, पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. दर दोन-तीन मिनिटांनी ती आरशात बघायची, मग किंचित मान वळवून मागच्या सीटकडे.

"काय बघतेस?"

"दोरी."

मागे दोरी नव्हतीच. मागे माझी सॅक होती. पण बावीस वर्षं माल बांधलेली दोरी सैल पडली का, हे बघत बघत चाललेली मान. ती लंकेत आली म्हणून ऐकणार थोडीच.

रत्नपुऱ्यात दोन रात्री मुक्काम केला. पहिल्याच पहाटे मला जाग आली ती आरडाओरड्याने. खाली अंगणात घरमालक बनियनवर उभा, हातात टॉर्च. त्याची बायको दारात. आणि आई, साडी नेसून, पदर खोचून, गाडीच्या टायरांवर एकेक बुक्की मारत होती. चार वाजले होते. आईच्या हाताला हवा बरोबर कळते, गेज लागत नाही. घरमालकाला मात्र वाटलं होतं की चोर आहे आणि चाकं काढतो आहे.

"अगं, झोप ना!"

"झोपले होते. चारला डोळे उघडले. मग काय करू? माल नाही, तर निदान हवा तरी बघते."

घरमालकिणीने तिला आत नेलं. नाश्त्याला वाफवलेल्या तांदळाच्या शेवयांच्या चकत्या होत्या, आपल्या शिरवाळ्यांची चुलत बहीण, आणि सोबत ओल्या खोबऱ्याचा लालभडक तिखट चुरा. आपण शिरवाळ्यांवर नारळाचा गोड रस घेतो. हे लोक त्याच्यावर डाळ आणि तिखट घेतात. आईने पहिला घास घेतला, डोळ्यांतून पाणी काढलं आणि आणखी मागितलं. मी घड्याळ पाहिलं. आईने माझं पाहणं पाहिलं आणि तिसरी चकती ताटात तशीच ठेवून उठली.

ती चकती मला आजही दिसते.

एम्बिलिपिटिया

डोंगर उतरलो आणि दोन्ही बाजूंना केळी. बाबा जिंकले होते. आईने गाडी बाजूला घेतली, उतरली आणि एका बागेच्या कडेला उभी राहून पाहत राहिली. कालव्याचं पाणी पाटाने फिरवलेलं, पाट मात्र आपल्यापेक्षा रुंद. एका झाडाला तांबडी केळी. "तांबेळी!" ती ओरडली, गर्दीत माहेरचं माणूस दिसावं तशी.

बागेची मालकीण पुढे आली. सोमावती. आईच्याच वयाची, हातात कोयता. तिला थोडं इंग्रजी, आईला ते नाही; पण दोघी केळीच्या झाडाजवळ गेल्या आणि त्यांना माझी गरज उरली नाही. कोंब किती ठेवायचे, घडाला टेकू कुठे द्यायचा, हे हातांनी चाललं होतं. आईने एक पाट चुकीचा वळवलाय असं दाखवलं. सोमावतीने मान हलवली, नाही, तिथून पाणी नको, तिथे भात आहे. आईने कान पकडले. दोघी हसल्या. तिथल्या रिवाजाप्रमाणे आई तिला 'अक्का' म्हणायला लागली. रात्री आम्ही तिच्याकडेच राहिलो. मातीच्या मडक्यातलं म्हशीचं दही खाल्लं, त्यावर माडाच्या जातीच्या कुठल्याशा झाडाचा काकवीसारखा रस. माझा तक्ता सॅकमध्ये होता. मला वाटलं, जमलं बुवा. हे निवांत.

सकाळी अंगणात पाहते तर गाडीची मागची दारं सताड उघडी. मागच्या सीटवर केळीचे सहा घड. खाली दह्याची मडकी, पेंढ्यात बसवलेली. आई वरून दोरी आवळत होती. दोरी! ती कुठून मिळवली कोण जाणे.

"हे काय?"

"अक्काच्या बहिणीकडे तांगालला आज भिक्खूंना जेवण आहे. अक्काची रिक्षा बंद पडली. आपण तिकडेच चाललोय ना?"

"आई!"

"भिक्खू बारा वाजल्यानंतर जेवत नाहीत, बाय. अक्काने घड्याळावर बोट ठेवून दाखवलं. म्हणजे माल अकराच्या आत पोचायला हवा."

"तू काय म्हणून आलीस इथे? मागे माल नको, पुढे वेळ नको. कोणाचे शब्द आहेत हे?"

"अगं, पण ती अडलीय."

"जगात रोज कोणीतरी अडलेलंच असतं! तू एकटीनेच पोचवायचं असा कायदा आहे का?"

"पोटभर भाषण नंतर दे. आता बस."

बसले. आणि मग मी माझी आई गाडी चालवताना पाहिली. आधीचे तीन दिवस ती नुसती बसून होती म्हणा. ट्रकच्या मागून अलगद निघणं, खड्ड्याआधी मडक्यांसाठी गाडी श्वास रोखावा तशी हळू घेणं, आरशात दोरी, पुन्हा रस्ता. दहा बावन्नला तांगालला पोचलो. एकही मडकं तडकलं नाही. त्या घरातल्या बायकांनी आईचे हात हातात घेतले. भिक्खू पंगतीला बसले, आम्हाला चटईवर मागे बसवलं. आईच्या चेहऱ्यावर दादरला माल उतरल्यावर येतं तेच समाधान.

मला लाज वाटली पाहिजे होती. मला राग आला होता.

तांगाल

संध्याकाळी किनाऱ्यावर आई गुडघ्याला तेल चोळत बसली होती. मी शेजारी बसले. भांडायचं नाही असं ठरवून.

तीच म्हणाली, "परत तेच झालं ना, बाय."

"हं."

"मला जमतच नाही ग. मागे काही नसलं की पाय ठरत नाही. वाटतं, आपण निघालोय कशाला?" तेलाची बाटली बंद करत ती म्हणाली, "आणि ते तीन दिवसही रिकामे कुठे होते? सात पंधरा, नऊ, दहा वीस. तू म्हणजे शेजारी बसवलेला व्यापारीच की. दादरचा निदान शिव्या देतो. तू नुसतं घड्याळ बघतेस."

ती रागाने म्हणाली नव्हती. म्हणूनच लागलं. पाच वर्षं मी लोकांच्या दारावर जाऊन सांगत आलेय की दुसऱ्याच्या वेळेवर चालण्याचं जोखड झुगारा. आणि आईच्या मानेवर ते ठेवून मी त्यावर पट्टीने तक्त्याचे चौकोन आखले होते.

दोन दिवस उरले होते. गुडघा सुजला होता. परतीचा लांब पल्ला तिला झेपेल की नाही, ते नक्की नव्हतं. तांगालहून मातरा पस्तीस-चाळीस किलोमीटर, सपाट, किनाऱ्याने. तेवढा एक रस्ता तिच्या हातात होता. मी विचार केला. मागणी काय आहे? रिकामी गाडी. गाडीत आता काय माल आहे? घड उतरले, मडकी उतरली. उरलं काय?

सकाळी नाश्ता करून आई गाडीत बसली. मी मागचं दार उघडलं, माझी सॅक काढली, तिची पिशवी काढली, पाण्याची बाटली तेवढी पुढे ठेवली, दार लावलं.

"काय करतेस?"

"माल उतरवते."

"म्हणजे?"

"मी बसने जाते. मातऱ्याच्या स्टँडवर बसते. तू ये."

"वेडी झालीस? परक्या मुलखात? मला वाचता येत नाही त्यांचं!"

"पाट्यांवर इंग्रजीतही असतं. मातरा एवढं वाचता येतं तुला. समुद्र डाव्या हाताला ठेव, बस."

"आणि किती वाजता येऊ?"

मी उत्तर दिलं नाही. हे मला फार कठीण गेलं, कारण उत्तर माझ्या जिभेवर होतं: दहा चाळीस.

"बाय, सांग ना. किती वाजता?"

"मी वाट बघत नाहीये," मी म्हणाले. "मी स्टँडवर त्यांच्या बसचा अभ्यास करणार आहे. समितीला लागेल. फोन बाटलीशेजारी ठेवलाय, बंद करून. अडलीस तरच लाव. दुसरं कोणी अडलं तर लावू नकोस, आणि थांबूही नकोस."

आईने माझ्याकडे पाहिलं. मग सवयीने मान वळवून मागे पाहिलं. मागे काहीच नव्हतं. दोन्ही सीटा सपाट. ती जरा घाबरली. मला ते दिसलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा. मग तिने पहिला गिअर टाकला.

मी बस पकडली. थांबा होता, आणि थांब्यावर बस आली. लिहून ठेवते, कारण आमच्याकडे कोणाचा विश्वास बसणार नाही: मी थांब्यावर उभी होते आणि बस आली. मात्र त्या बसचा चालक कुणाचा तरी सूड घेत असल्यासारखा चालवत होता. गाणी मोठ्याने, दिवे माळेचे. एका देवळापाशी कंडक्टर उडी मारून उतरला, पेटीत नाणं टाकलं, धावत्या बसमध्ये चढला. आमची मागणी बसची आहे, अशा बसची नाही, एवढी दुरुस्ती पत्रकात करायला हवी.

डिकवेल्लाच्या अलीकडे वळणावर बसने कर्कश हॉर्न दिला. पुढे एक छोटी पांढरी गाडी सायकलच्या वेगाने चालली होती. चालकाने शिवी दिली असावी. शेजारच्या म्हातारीने कान झाकले. आम्ही तिच्या अगदी जवळून पुढे गेलो. खिडकीतून मला वरून दिसलं: आईचा उजवा कोपर दारावर, बोटं वाऱ्यात, पदर सुटलेला. हॉर्नकडे तिचं लक्ष नव्हतं. ती आरशात बघत नव्हती.

मी खिडकीतून हात काढला, आणि परत आत घेतला. मलाही हात करायचा नव्हता.

मातरा

मी पावणेअकराला पोचले. बसचा अभ्यास पंधरा मिनिटांत संपला. अकरा वाजले. बारा वाजले. एका माणसाने मला अननस विकला, तिखटमीठ लावून. एक वाजता मी सॅकमधून तक्ता काढला, त्याची घडी घातली, अननसाची सालं त्यात बांधली आणि टाकून दिली. दोन वाजता मला भीती वाटायला लागली. फोन आला नव्हता, म्हणजे ती अडली नव्हती. हे मी स्वतःला बऱ्याच वेळा समजावलं. सभेत हजार माणसांना समजावणं सोपं असतं. घरी बाबा रोज सकाळी ओट्यावर बसून रस्त्याकडे बघायचे ते काय होतं, ते मला त्या बाकावर कळलं. तरी त्यांनी एकदाही तिला 'उशीर का' विचारल्याचं मला आठवत नाही.

तीनला पाच कमी असताना पांढरी गाडी स्टँडच्या तोंडाशी आली. आईने ती सावकाश कडेला लावली. केस विस्कटलेले, पायांना वाळू, नाक उन्हाने लाल. लंगडत उतरली.

मला पंधरा प्रश्न होते. मी एकच विचारला.

"काय केलंस?"

"काही नाही."

"पाच तास काही नाही?"

"पाच झाले?" आई म्हणाली, आणि अशी हसली की मी ते घड्याळ तिला पुन्हा कधी दाखवणार नाही. "अननस खाल्लास वाटतं. माझ्यासाठी ठेवलास का?"

नव्हता ठेवला. घ्यायला निघाले तेव्हा गाडीच्या मागच्या काचेतून आत डोकावले. किनाऱ्याचा तो सगळा रस्ता. दोन्ही बाजूंना दुकानं, माड, हात करणारी माणसं. मागच्या सीटवर एक नारळसुद्धा नव्हता.